वेदनाशामक जेल आणि रात्रपाळीचा प्रश्न

शस्त्रक्रिया संपवताना जखमेत एकदाच भरायचे आणि पुढचे दोन-तीन दिवस तिथेच राहून बधिर करणारे औषध थोडेथोडे सोडत राहणारे जेल, हा विषय आता संशोधनपत्रिकांमधून वर्तमानपत्रांपर्यंत आला आहे, आणि त्याच्याबरोबर त्यावरचा वादही. हा वाद दोन ठरावीक सुरांत चालतो. एक बाजू सांगते की अशा जेलमुळे मॉर्फिनसारख्या अफूजन्य औषधांची गरज संपेल आणि व्यसनाचा धोका टळेल. दुसरी बाजू विचारते की ज्या देशात कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णाला मॉर्फिनची साधी गोळी मिळत नाही, तिथे हे महागडे चोचले कशाला? दोन्ही बाजूंची कळकळ खरी आहे. परंतु दोघींनीही प्रश्न अमेरिकेतून जसाच्या तसा उचलला आहे. माझे मत असे आहे की भारतात या जेलची कसोटी व्यसनाच्या प्रश्नावर लावणे चुकीचे आहे. एकाच परिचारिकेवर सोडलेल्या वॉर्डात पहाटे तीन वाजता वेदनाशामकाचा पुढचा डोस कोण देणार, हा आपल्याकडचा प्रश्न आहे. त्या दृष्टीने पाहिले तर या संशोधनाला सार्वजनिक पैसा मिळायलाच हवा, आणि तो देताना आज कोणी घालत नाही अशा कडक अटीही घालायला हव्यात.

आधी वस्तू नीट समजून घेतली पाहिजे. सब्जाचे बी पाण्यात टाकले की त्याच्याभोवती जी पारदर्शक, बुळबुळीत गादी धरते, ती पाणी धरून ठेवणाऱ्या लांब रेणूंच्या जाळ्याची असते. औषधवाहक हायड्रोजेल म्हणजे तत्त्वतः असेच जाळे. जाळ्यात अडकलेले औषध एकदम बाहेर पडू शकत नाही. ते झिरपत बाहेर येते किंवा जाळे विरघळत जाईल तसे सुटत जाते. पोलोक्झामर ४०७ नावाच्या पॉलिमरचे पुरेसे दाट द्रावण फ्रिजमध्ये पाण्यासारखे वाहते आणि शरीराच्या उष्णतेने घट्ट होते, त्यामुळे सिरिंजने आत सोडलेला द्रव जखमेत गेल्यावर जागच्या जागी थिजतो. आत भरायचे औषध बहुधा जुनेच असते. ब्युपिव्हाकेन १९५७ मध्ये तयार झाले, कमरेतून भूल देताना आपल्याकडे रोज वापरले जाते आणि राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. टाक्यांच्या कडेने दिलेल्या त्याच्या साध्या इंजेक्शनचा परिणाम चार ते आठ तासांत ओसरतो, शस्त्रक्रियेची तीव्र वेदना मात्र दोन-तीन दिवस टिकते. ही दरी भरून काढणे एवढेच जेलचे काम आहे. अमेरिकेत २०११ मध्ये मेदाच्या सूक्ष्म कोशांत भरलेले ब्युपिव्हाकेन मंजूर झाले, २०२० मध्ये कोलॅजेनच्या चकतीत बसवलेले आले, आणि २०२१ मध्ये दाट पॉलिमरमध्ये ब्युपिव्हाकेनसोबत मेलॉक्सिकॅम घातलेले, सुईशिवाय जखमेत पसरवायचे औषध मंजूर झाले. या शेवटच्या जोडीमागचा विचार मला महत्त्वाचा वाटतो. सुजलेल्या ऊतींमध्ये आम्लता वाढते आणि आम्लतेत बधिरक नसेच्या, म्हणजे मज्जातंतूच्या, आत नीट शिरत नाही; मेलॉक्सिकॅम सूज आटोक्यात ठेवते, म्हणून बधिरकाचा परिणाम टिकतो.

अमेरिकेत या औषधांच्या मागे सरकार आणि उद्योग एवढ्या जोराने का उभे राहिले, याचे उत्तर त्यांच्या अलीकडच्या इतिहासात आहे. ऑक्सिकॉन्टिन ही ऑक्सिकोडोन या अफूजन्य औषधाची गोळी १९९५ च्या अखेरीस मंजूर झाली, तेव्हा तिच्या माहितीपत्रकात असे लिहिले होते की औषध संथपणे शोषले जात असल्याने त्याच्या गैरवापराची शक्यता कमी होते असे मानले जाते. हे मानणे किती महागात पडले ते पुढे दिसले. उत्पादक कंपनीने २००७ मध्ये दिशाभूल करणाऱ्या प्रचाराबद्दल न्यायालयात गुन्हा कबूल केला, २०१० मध्ये त्याच गोळीत ओली झाल्यावर जेल होणारे पॉलिमर घालून ती सुईतून जाणार नाही अशी केली, आणि तरीही २०२१ या एका वर्षात अफूजन्य औषधांच्या अतिमात्रेने तिथे ऐंशी हजारांहून अधिक माणसे मेली. अशा देशाने अफूजन्य नसलेल्या वेदनाशामकांसाठी कायदा करून १ जानेवारी २०२५ पासून मेडिकेअरमधून, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यातून, स्वतंत्र मोबदला सुरू करावा, हे समजण्यासारखे आहे. पण आपला आजार तोच आहे का? २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने जगभरातील वेदनाशमनाचा हिशेब मांडला, तेव्हा भारतात अशा औषधांची जेवढी वैद्यकीय गरज आहे, तिच्या जेमतेम ४ टक्के पुरवठा होतो असे दिसले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांचे जंजाळ असे वाढले की देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९९७ पर्यंत वर्षाला सुमारे १८ किलोग्रॅमवर घसरला. ज्या माळव्याची अफू एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून चीनला जात होती, त्याच माळव्यात नीमचला सरकारी कारखाना अफूवर प्रक्रिया करतो, आणि तिथून काही तासांच्या अंतरावरील रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळतो. अशा ठिकाणी ‘अफूजन्य औषधांपासून मुक्ती’ ही घोषणा कोणासाठी आहे?

आता आपल्या वॉर्डात डोकावूया. उपजिल्हा रुग्णालयात संध्याकाळी सिझेरियन झालेली बाई घ्या. कमरेतून दिलेल्या भुलीचा अंमल दोन-तीन तासांत उतरतो. केसपेपरवर डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन आणि पॅरासिटॅमॉल किती तासांनी द्यायचे ते लिहिलेले असते. परंतु रात्रपाळीला असलेली एकच सिस्टर प्रसूतिकक्षात दुसऱ्या बाळंतपणात अडकलेली असते, भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेपुरते बोलावलेले असल्याने केव्हाच परत गेलेले असतात, आणि वेळ उलटून गेलेला डोस सकाळच्या फेरीपर्यंत उलटलेलाच राहतो. बाई हाक मारत नाही, कारण सोबतच्या सासूने किंवा मावशीने तिला ‘मोठं ऑपरेशन झालंय, दुखणारच’ असे आधीच सांगून ठेवलेले असते. ती कुशीवर वळत नाही, खोकला दाबते, बाळाला छातीशी धरायला उठून बसत नाही. खोल श्वास न घेतल्याने छातीत कफ साठणे, न हलल्याने पायात रक्ताची गुठळी होणे आणि अंगावरचे दूध उशिरा सुरू होणे हे सगळे या एका रात्रीपासून सुरू होऊ शकते. इथे औषध कमी पडलेले नसते. ब्युपिव्हाकेनची बाटली कपाटात असते, डायक्लोफेनॅकचे अँप्यूल ट्रेमध्ये असते. वेळेवर येणारा हात तेवढा नसतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर, भूलतज्ज्ञ समोर असताना, पुढच्या अठ्ठेचाळीस तासांचे औषध जखमेत ठेवून देता आले, तर त्याचा सर्वाधिक लाभ याच बाईला होईल. मोठ्या शहरातील महागड्या रुग्णालयात वेदनेसाठी स्वतंत्र पथक असते, पंप असतात, बटण दाबताच माणूस धावत येतो. तिथे जेलने पडणारा फरक थोडा असणार.

वैद्यकाच्या इतिहासात याला एक थेट आधार आहे. पेनिसिलिन सुरुवातीला दर काही तासांनी टोचावे लागे, म्हणजे रुग्णालयाबाहेर ते जवळजवळ निरुपयोगी होते. मग प्रोकेन पेनिसिलिन तेलात मिसळून त्यात ॲल्युमिनियम मोनोस्टिअरेट घालण्यात आले. हा पदार्थ तेलाला जेलसारखे दाट करतो, आणि त्यामुळे एका इंजेक्शनने औषध अनेक दिवस रक्तात टिकू लागले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९५२ पासून यॉज या त्वचा आणि हाडे खाणाऱ्या रोगाविरुद्ध जी मोहीम चालवली, ती याच इंजेक्शनवर उभी होती. बारा वर्षांत ४६ देशांत पाच कोटींहून अधिक लोकांवर उपचार झाले. दुर्गम आदिवासी पाड्यावर कार्यकर्ता एकदाच पोहोचणार, हे गृहीत धरून औषध बनवले गेले होते. भारतही २०१६ मध्ये यॉजमुक्त घोषित झाला. संधिवाताच्या तापानंतर हृदयाच्या झडपा वाचवण्यासाठी तीन-चार आठवड्यांनी घ्यायचे बेंझाथिन पेनिसिलिन हेही त्याच विचाराचे फळ. दोन्ही वेळी संथ सुटणाऱ्या औषधाने सर्वाधिक भले त्यांचे केले, ज्यांच्यापर्यंत आरोग्यसेवेचा हात क्वचित पोहोचत होता.

विरोधकांचे मुद्दे मात्र हलके नाहीत. पहिला मुद्दा पुराव्याचा आहे आणि तो सर्वांत जड आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘ॲनेस्थेशिऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, आधीच्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले की नसेभोवती टोचलेले मेदकोशांतील ब्युपिव्हाकेन साध्या ब्युपिव्हाकेनपेक्षा रुग्णाला जाणवेल इतके सरस ठरत नाही. उत्पादक कंपनीने या निष्कर्षांबद्दल नियतकालिकाच्या मागे असलेल्या भूलतज्ज्ञ संघटनेवर आणि लेखकांवर दावा लावला. तो २०२२ मध्ये फेटाळला गेला आणि अपिलातही टिकला नाही. मी हा प्रसंग जेलविरुद्धचा पुरावा मानत नाही, कारण मेदकोश आणि जेल यांत औषध सुटण्याची रीत वेगळी आहे, आणि मेलॉक्सिकॅमसोबतच्या पॉलिमरची तुलना पायाच्या अंगठ्याच्या व हर्नियाच्या शस्त्रक्रियांत साध्या ब्युपिव्हाकेनशी झाली तेव्हा ते सरस ठरले होते. परंतु त्यातून मिळणारा इशारा मी पूर्णपणे स्वीकारतो. अशा औषधांची तुलना खारट पाण्याच्या इंजेक्शनशी करून विजय साजरा करण्यात काही अर्थ नाही. तुलना स्वस्त, साध्या आणि नीट दिलेल्या उपचाराशी झाली पाहिजे. आणि इथेच आपली परिस्थिती निकाल बदलू शकते: अमेरिकेतल्या चाचणीत साध्या इंजेक्शनच्या गटातील रुग्णालाही मागताच जादा वेदनाशामक मिळत होते. जिथे पुढचा डोस चुकतोच, तिथे हीच तुलना काय सांगेल, याचे उत्तर त्या चाचण्यांत मिळणार नाही.

दुसरा आक्षेप असा की आत घातलेले परत काढता येत नाही. सलाईन थांबवता येते, गोळी बंद करता येते. जेल मात्र विरघळेपर्यंत राहते. या आक्षेपाला इतिहासाचा मोठा पाठिंबा आहे. १९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत एफोकेन नावाचे दीर्घकाळ टिकणारे बधिरक मोठ्या उत्साहाने वापरात आले. काही काळातच नसांना इजा आणि लुळेपणाच्या नोंदी येऊ लागल्या, आणि त्याचा दीर्घ परिणाम बऱ्याच अंशी औषधाचा नसून द्रावकाने नसच जाळल्याचा होता, असे निष्पन्न झाले. त्यानंतर अर्धशतकाने खांद्याच्या दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियांनंतर सांध्यात दोन-तीन दिवस सतत बधिरक सोडणारे पंप लावले गेले आणि तरुण रुग्णांच्या सांध्यांतील कूर्चा नष्ट झाली. २००९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाला त्याबद्दल इशारा द्यावा लागला. ऊतींना तासन्तास औषधात भिजत ठेवणे निर्धोक नसते, हे या दोन्ही प्रकरणांतून शिकायचे. म्हणून जेल सांध्याच्या पोकळीत घालायचे नाही, वाहक पदार्थाची स्वतंत्र तपासणी नसांवर आणि स्नायूंवर करायची, आणि एकूण मात्रा अशी ठेवायची की जाळे फुटून सगळे औषध एकदम सुटले तरी हृदयाला इजा होणार नाही. ही शेवटची अट माझ्या दृष्टीने कोणत्याही सवलतीला पात्र नाही. फेंटानिल या तीव्र अफूजन्य औषधाच्या त्वचेवर चिकटवायच्या सुरुवातीच्या पट्ट्यांमध्ये औषध अल्कोहोलयुक्त जेलच्या पिशवीत भरलेले असे. कड फाटली की तीन दिवसांचा साठा एकदम त्वचेवर येई, आणि २००४ व २००८ मध्ये अशा पट्ट्या परत मागवाव्या लागल्या. श्वास मंदावणारे औषध संथ वाहकात भरून ते कोणाचे लक्ष नसलेल्या वॉर्डात देणे म्हणजे धोका दुप्पट करणे होय. माझा सगळा युक्तिवाद बधिरकापुरता आहे. जखमेत ठेवायच्या अफूजन्य जेलचे मी समर्थन करत नाही.

तिसरा आक्षेप जुन्या शल्यचिकित्सकांकडून येतो: वेदना ही खूण आहे, ती पुसली तर आत काय बिघडते आहे ते कळणार कसे? नडगीच्या हाडाच्या ताज्या फ्रॅक्चरमध्ये हा आक्षेप निर्णायक आहे. तिथे स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढल्याची पहिली खूण असह्य वेदनाच असते आणि पाय वाचवायला हाताशी मोजकेच तास असतात. तिथे जेल नको. पण सिझेरियनच्या टाक्यांवर बधिरक घातल्याने पोटाच्या आतला रक्तस्राव लपत नाही; तो नाडी, रक्तदाब आणि फुगणारे पोट यांवरून ओळखायचा असतो. शिवाय ज्या वॉर्डात डोस द्यायला कोणी नाही, तिथे कण्हण्याचा अर्थ लावायला तरी कोण आहे? न वाचली जाणारी खूण टिकवण्यासाठी रुग्णाने रात्रभर यातना सोसाव्यात, हा कोणता न्याय?

‘आधी मॉर्फिन’ म्हणणाऱ्यांशी माझा वाद सर्वांत थोडा आहे. तिरुवनंतपुरमचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन दशके रेटा लावल्यानंतर २०१४ मध्ये कायद्यात बदल झाला आणि अत्यावश्यक अमली औषधांसाठी देशभर एकसारखे नियम आले. ते नियम प्रत्यक्ष जिल्ह्याच्या औषधभांडारापर्यंत पोहोचवण्याचे काम अपुरे आहे, आणि कर्करोगाच्या वेदनेत तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनला कोणतेही जेल पर्याय नाही. महिनोन्महिने सर्वांगभर पसरणारी वेदना जखमेत ठेवलेल्या औषधाने शमत नाही. कोणी राज्यकर्ता उद्या ‘आता जेल आले, मॉर्फिनची कटकट कशाला’ म्हणू लागला, तर त्याच्याविरुद्ध मीही उभा राहीन. परंतु एका रुग्णाची वेदना दुसऱ्याच्या वेदनेसाठी रांगेत मागे उभी करणे मला पटत नाही. मॉर्फिनचा अडथळा परवान्यांचा आणि भीतीचा आहे. तो काढायला प्रयोगशाळेचा पैसा लागत नाही, इच्छा लागते. जेलवर खर्च झालेला रुपया मॉर्फिनच्या गोळीतून काढून घेतलेला नाही.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र वेगळाच आहे, आणि तो मला कोणी विचारला नाही तरी मी तो टाळू शकत नाही. रात्री परिचारिका कमी आहेत तर परिचारिका भरा. जेल घालून सरकारला पळवाट का द्यायची? पदे वर्षानुवर्षे रिक्त ठेवणाऱ्या व्यवस्थेला ही पळवाट आवडेल, हे मी मान्य करतो. तरीही १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनाबिस यांनी काय केले ते आठवावे. कॉलराचे रुग्ण जमिनीवर पडलेले, शिरेतून द्यायचे सलाईन संपत आलेले, ते लावणारे प्रशिक्षित हातही अपुरे. त्यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे द्रावण पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिले. मृत्यूचे प्रमाण आधीच्या सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. तेव्हाही हे दुय्यम दर्जाचे उपचार आहेत, गरिबांना सलाईनच मिळाले पाहिजे, असा आक्षेप होता. तो तत्त्वतः चूक नव्हता. पण छावणीतले मूल सलाईनची वाट पाहत मेले असते, आणि पुढे तेच द्रावण श्रीमंत घरांतही पहिला उपचार ठरले. रात्री तळमळणाऱ्या रुग्णाने भरतीची जाहिरात निघेपर्यंत थांबावे, असे आपण म्हणू शकतो का? डोस चुकण्याचा भार एका हातावरून कमी झाला, तर तो हात रक्तदाब मोजायला मोकळा होतो. परिचारिकांची मागणी त्याने रद्द होत नाही.

सार्वजनिक पैशाच्या अटी कोणत्या असाव्यात, हेही याच कसोटीवरून ठरते. अमेरिकेतील मेदकोशांतील ब्युपिव्हाकेन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावे लागते. मे महिन्यात विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयात जिथे लशींच्या फ्रिजलाच वीज पुरत नाही, तिथे दुसरे शीतकरण मागणारे औषध आणून काय साधणार? आपले जेल खोलीच्या तापमानाला टिकले पाहिजे आणि सध्या वापरात असलेल्या सिरिंजने घालता आले पाहिजे. कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचांपासून मिळणाऱ्या कायटोसॅनवर आपल्याकडे बरेच काम होते, कारण कच्चा माल आपल्या किनाऱ्यावर कचरा म्हणून पडतो. हे आकर्षक आहे, पण प्रत्येक खेपेतील कायटोसॅनचे गुणधर्म थोडेफार वेगळे असतात, आणि जखमेत घालण्याइतके शुद्ध व एकसारखे बनवणे हा खर्चाचा मोठा भाग असतो. शोधनिबंध छापून झाले की काम संपले असे मानणाऱ्या आपल्या संशोधनव्यवस्थेत नेमके हेच काम अडकून राहते. म्हणून निधी नव्या रेणूंपेक्षा या कंटाळवाण्या टप्प्यासाठी दिला जावा, आणि सार्वजनिक पैशातून झालेल्या उत्पादनाची किंमत साध्या ब्युपिव्हाकेनच्या काही पटींपलीकडे जाणार नाही हे करारातच लिहून घ्यावे.

आणि चाचणी मोठ्या शहरातील शिक्षण रुग्णालयात न घेता उपजिल्हा रुग्णालयांत, आहे त्या मनुष्यबळावर घ्यावी. एका गटाला जेल, दुसऱ्याला टाक्यांच्या कडेने नीट दिलेले साधे ब्युपिव्हाकेन, दोन्ही गटांना केसपेपरवर लिहिलेली तीच नेहमीची औषधे. मोजायचे काय? मध्यरात्रीनंतर हलताना होणारी वेदना, बाई पहिल्यांदा उठून बसण्याची वेळ, बाळाला पहिल्यांदा पाजण्याची वेळ, आणि चुकलेल्या डोसांची प्रामाणिक नोंद, जी आज कोणत्याही रुग्णालयाच्या अहवालात नसते. जेल जिंकले तर ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत यावे. हरले तर तसे उघडपणे छापावे, आणि तोच पैसा ब्युपिव्हाकेनच्या जादा बाटल्यांसाठी, नस बधिर करण्याचे प्रशिक्षण देण्यासाठी आणि रात्रपाळीतल्या दुसऱ्या परिचारिकेच्या पगारासाठी वळवावा.